लॉस एंजेलिस १९९२ : चित्रफीत असूनही पोलीस निर्दोष कसे सुटले, आणि आग कोरियन दुकानांना का लागली?

मृण्मयी_क

मिनियापोलिसमध्ये २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी त्या पोलिसाला ज्यूरीने दोषी ठरवले. त्या काळात या विषयावर जे काही वाचले, त्यात लॉस एंजेलिसच्या १९९२ सालच्या घटनांचा उल्लेख सतत येत राहिला, म्हणून सध्या त्याविषयी सलग वाचत आहे. परंतु दोन गोष्टींचा उलगडा अजून होत नाही, आणि येथे या विषयाचे जाणकार आहेत हे ठाऊक असल्याने हा धागा काढत आहे.

३ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतर रॉडनी किंग या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसांनी दीर्घ पाठलागानंतर अडवली आणि त्याला रस्त्यावर पाडून मारले. जॉर्ज हॉलिडे नावाच्या रहिवाशाने आपल्या सज्जातून ते चित्रित केले. दंडुक्याचे ५६ फटके त्या चित्रफितीत मोजता येतात, आणि ती जगभर दाखवली गेली. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने चार पोलिसांना निर्दोष ठरवले. एका पोलिसावरील एका आरोपाबाबत तेवढे ज्यूरीचे एकमत झाले नाही. इतका उघड पुरावा समोर असताना हे घडले कसे?

दुसरा प्रश्न त्याहून अवघड वाटतो. निकालानंतर शहर जळू लागले, साठहून अधिक माणसे मेली आणि सुमारे एक अब्ज डॉलरचे नुकसान झाले. त्यातला फार मोठा वाटा कोरियन दुकानदारांच्या माथी आला. त्या खटल्यात ना कोणी कोरियन आरोपी होता, ना फिर्यादी. मग राग त्यांच्याकडे का वळला? ‘जमाव बेभान असतो’ एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

गोदाकाठ

मृण्मयी, पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण त्या खटल्याचे कामकाज मी बरेच वाचले आहे.

हा खटला मुळात लॉस एंजेलिस काऊंटीत चालायचा होता. तेथे इतकी प्रसिद्धी झाली आहे की निःपक्षपाती ज्यूरी मिळणे अशक्य आहे, असे बचाव पक्षाने सांगितले. अपील न्यायालयाने ते मान्य केले, आणि न्यायाधीश स्टॅनली वाइसबर्ग यांनी खटल्यासाठी शेजारच्या व्हेंचुरा काऊंटीतील सिमी व्हॅली हे गाव निवडले. प्रसिद्धी तेथेही तितकीच झाली होती, कारण दूरचित्रवाणीच्या वाहिन्या त्याच होत्या. बदलली ती केवळ वस्ती. सिमी व्हॅली हे बहुसंख्य गौरवर्णीयांचे उपनगर होते आणि लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातील कितीतरी माणसे तेथे घरे घेऊन राहत होती. बारा जणांच्या ज्यूरीत दहा गौरवर्णीय, एक लॅटिनो आणि एक फिलिपिनो वंशाची व्यक्ती होती. कृष्णवर्णीय एकही नव्हता. माझ्या मते निकालाचा निम्मा भाग खटला वर्ग झाला त्याच दिवशी ठरून गेला होता.

उरलेला निम्मा भाग चित्रफितीच्या वापराचा आहे. वाहिन्यांनी दाखवलेल्या तुकड्यात बहुतेक वेळा सुरुवातीचे काही अस्पष्ट सेकंद गाळलेले असत. त्या सेकंदांत किंग उठून एका पोलिसाच्या दिशेने जाताना दिसतो. ज्यूरीने ते सेकंदही पाहिले, आणि जगाने न पाहिलेले काहीतरी आपण पाहत आहोत असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. त्यानंतर बचाव पक्षाच्या वकिलांनी ती फीत अत्यंत संथ गतीने, एकेक चित्र थांबवून दाखवली आणि प्रत्येक फटक्यापाशी आपल्या तज्ज्ञांना एकच प्रश्न विचारला : या क्षणी हा माणूस उठण्याचा प्रयत्न करतो आहे असे प्रशिक्षित पोलिसाला वाटू शकते का? हात जरा हलला, गुडघा जरा वाकला, की उत्तर ‘होय’ असे येई. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचे अंग हलणारच. पण ती प्रत्येक हालचाल या पद्धतीने प्रतिकाराचा पुरावा ठरत गेली. सलग पाहिले असता एक्याऐंशी सेकंदांची मारहाण दिसते, आणि तुकडे केले असता तीच मारहाण ५६ वेगवेगळ्या, समर्थनीय निर्णयांची मालिका बनते.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या खटल्यात सरकारी पक्षाने रॉडनी किंगला साक्षीसाठी बोलावलेच नाही. तो दारू प्यायलेला होता, दरोड्याच्या शिक्षेतून पॅरोलवर सुटलेला होता आणि पॅरोल रद्द होईल या भीतीने पळत होता. त्याची उलटतपासणी आपल्याला महागात पडेल, असा हिशेब असावा. परिणामी ज्यूरीने त्याचे शरीर असंख्य वेळा पाहिले, परंतु त्याचा आवाज मात्र ऐकला नाही. दुसरीकडे, आरोपींपैकीच थिओडोर ब्रिसेनो याने साक्ष देताना आपल्या सहकाऱ्याचा स्वतःवरचा ताबा सुटला होता असे सांगितले, आणि तरीही ज्यूरीवर त्याचा परिणाम झाला नाही.

कायद्याची पार्श्वभूमीही पोलिसांना अनुकूल होती. १९८९ साली ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, बळाचा वापर घटनास्थळी असलेल्या वाजवी विचाराच्या पोलिसाच्या नजरेतून तपासावा, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नव्हे. तो निकाल दिवाणी दाव्यातील होता, परंतु ज्यूरीसमोर मांडलेली विचारसरणी हीच होती. हेच प्रकरण पुढे संघराज्य सरकारने नागरी हक्कांच्या भंगाचा खटला म्हणून लॉस एंजेलिसमध्ये चालवले, तेव्हा ज्यूरीत दोन कृष्णवर्णीय होते आणि किंगने स्वतः साक्ष दिली. एप्रिल १९९३ मध्ये त्या चौघांपैकी सार्जंट स्टेसी कून आणि लॉरेन्स पॉवेल दोषी ठरले व दोघांना प्रत्येकी तीस महिन्यांची कैद झाली. ब्रिसेनो आणि टिमथी विंड पुन्हा सुटले. चित्रफीत दोन्ही वेळा तीच होती.

केतकी_पासाडेना

गोदाकाठ यांनी न्यायालयाच्या आतले नेमके सांगितले आहे. मी गेली अनेक वर्षे लॉस एंजेलिसजवळ राहते आणि माझ्या शेजारीपाजारी त्या दिवसांतून गेलेली माणसे आहेत, म्हणून न्यायालयाच्या बाहेरच्या गोष्टींविषयी लिहिते. मृण्मयी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे असे मला वाटते.

मारहाणीनंतर दोन माणसांनी रीतसर पोलिसांकडे जाण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट वृत्तान्तांत बहुधा मागे पडते. किंगचा भाऊ फूटहिल येथील पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेला, तेव्हा ती तक्रार दाखल करून घेण्याऐवजी त्यालाच उलटसुलट प्रश्न विचारण्यात आले. हॉलिडे यांनीही ठाण्याला दूरध्वनी करून आपण काय पाहिले ते सांगू पाहिले. तेथे कोणी रस दाखवला नाही, म्हणून ती फीत केटीएलए या स्थानिक वाहिनीकडे गेली. हॉलिडे यांच्या हाती कॅमेरा नसता तर त्या रात्रीची नोंद ‘अटकेला विरोध करणाऱ्या इसमावर आवश्यक बळाचा वापर’ अशा एखाद्या ओळीत संपली असती, आणि शहरातील कृष्णवर्णीय लोकांना अशा ओळींचा अर्थ चांगला ठाऊक होता.

या मारहाणीनंतर पोलीस खात्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या, वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जुलै १९९१ मध्ये अहवाल दिला. १९८६ ते १९९० या काळात अतिरिक्त बळाच्या वापराविषयी नागरिकांनी केलेल्या २,१५२ आरोपांपैकी केवळ ४२ आरोप पोलीस खात्याने ग्राह्य धरले, असे त्यात नमूद आहे. ज्यांच्यावर सहा किंवा अधिक आरोप होते असे ४४ पोलीस आयोगाने खात्याच्याच कागदपत्रांतून शोधून काढले, आणि त्यांचे गोपनीय शेरे पाहिले तर ते कौतुकाने भरलेले निघाले. पोलिसांच्या गाड्यांमधील संगणकांवरून एकमेकांना पाठवलेले वर्णद्वेषी आणि मारहाणीची फुशारकी मारणारे संदेशही त्या अहवालात छापले आहेत. म्हणजे खात्याला काहीच माहीत नव्हते असे मुळीच नाही. कागद सगळे होते, ते कोणी वाचत नव्हते. माझे स्पष्ट मत असे आहे की १९९२ च्या उद्रेकाचे मूळ त्या दुर्लक्षित तक्रारींत आहे. तक्रार करणारी माणसे पंचवीस वर्षे अर्ज करीत होती, मोर्चे काढत होती, न्यायालयात जात होती.

जेथे हा उद्रेक झाला त्या दक्षिण मध्य लॉस एंजेलिसचा इतिहास त्याच्या जोडीने वाचावा लागतो. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स भागात एका वाहनचालकाच्या अटकेवरून उसळलेल्या संघर्षात ३४ माणसे मेली होती आणि तेव्हाही आयोग नेमून रोजगार, शाळा, वाहतूक यांविषयी शिफारशी केल्या गेल्या होत्या. पुढच्या काळात मात्र उलटेच घडले. साऊथ गेट येथील फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये बंद पडला, जनरल मोटर्सचा तेथलाच मोटार कारखाना १९८२ मध्ये. कमी शिक्षणावर चांगला पगार देणाऱ्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या जागी क्रॅक कोकेन आणि टोळ्या आल्या, आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी पोलिसांची ‘ऑपरेशन हॅमर’ ही मोहीम आली. तिच्यात हजारो तरुणांना रस्त्यावरून उचलले गेले आणि अनेकांवर कोणताच आरोप ठेवला गेला नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये एकोणचाळिसावा रस्ता आणि डाल्टन ॲव्हेन्यू येथे अमली पदार्थांच्या शोधाच्या नावाखाली पोलिसांनी राहती घरे इतकी फोडली की रेड क्रॉसला रहिवाशांची निवाऱ्याची सोय करावी लागली. ज्या घरात शौचालयाची भांडीसुद्धा फोडली गेली, त्या घरातली मुले चार वर्षांनी कोणत्या मनःस्थितीत निकाल ऐकत होती, याचा विचार केल्याशिवाय तो दिवस कळणार नाही.

आता कोरियन दुकानांविषयी. किंगला मारहाण झाल्यानंतर तेराच दिवसांनी, १६ मार्च १९९१ रोजी, लटाशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी एका कोरियन दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. बाटलीची किंमत १ डॉलर ७९ सेंट होती. मुलगी चोरी करते आहे असे समजून दुकानदार सून जा डू हिने तिला पकडले, झटापट झाली, आणि मुलगी पाठ फिरवून निघाली असता डूने मागून डोक्यात गोळी घातली. लटाशाच्या हातात दोन डॉलर सापडले. तेही दृश्य दुकानाच्या कॅमेऱ्यात टिपले गेले होते. ज्यूरीने डूला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. कमाल शिक्षा सोळा वर्षांची होती. न्यायाधीश जॉइस कार्लिन यांनी तिला प्रोबेशन, चारशे तासांची समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड एवढ्यावर सोडले, आणि अपील न्यायालयाने ती शिक्षा २१ एप्रिल १९९२ रोजी कायम केली. सिमी व्हॅलीचा निकाल त्यानंतर आठच दिवसांनी आला. त्या वस्तीतील लोकांच्या दृष्टीने हे दोन निकाल वेगळे नव्हतेच. दोन्हीकडे चित्रफीत होती, दोन्हीकडे इजा झालेली व्यक्ती कृष्णवर्णीय होती, आणि दोन्हीकडे कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही.

परंतु डूच्या कृत्याचा डाग सगळ्या दुकानदारांवर लावणे हा अन्यायच होता. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आलेली ही कोरियन कुटुंबे. त्यांतील कितीतरी माणसे मायदेशी पदवीधर होती, भाषेअभावी इकडे त्या पदव्यांचा उपयोग झाला नाही, आणि आपल्याकडच्या भिशीसारखी पैसे जमवण्याची जी रीत कोरियन समाजात चालते, तिच्या आधारे त्यांनी वॉट्सच्या घटनांनंतर इतरांनी सोडून दिलेल्या भागात छोटी किराणा आणि दारूची दुकाने घेतली. मोठ्या सुपरमार्केटनी तो भाग केव्हाच टाळला होता. बँका तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांना धंद्यासाठी कर्ज देत नव्हत्या. त्यामुळे गल्ल्याच्या एका बाजूला पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारे, वारंवारच्या दरोड्यांनी धास्तावलेले कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच वस्तीत आपले एकही दुकान नाही हे रोज पाहणारा माणूस, अशी रचना तयार झाली. ती त्या दोघांपैकी कोणीही केलेली नव्हती. आग लागली तेव्हा मात्र दोन हजारांहून अधिक कोरियन दुकाने लुटली वा जाळली गेली. कित्येकांचा विमा अपुरा निघाला. कोरियाटाऊनमधील लोक पोलिसांना बोलावत राहिले, पोलीस आले नाहीत, म्हणून दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर चढले. त्या गोळीबारात एडवर्ड ली हा अठरा वर्षांचा मुलगा मेला. कोरियन समाज आजही २९ एप्रिल हा दिवस ‘सा-इ-गु’ (म्हणजे चार-दोन-नऊ) या नावाने पाळतो.

वाचस्पती

केतकीताईंचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, त्यातल्या तपशिलाबद्दल माझी तक्रार नाही. एक आक्षेप मात्र नोंदवतो. आपण कारणे सांगत जातो तेव्हा ज्यांनी प्रत्यक्ष दगड उचलला त्यांची जबाबदारी हळूहळू पुसली जाते. फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकात रेजिनाल्ड डेनी या ट्रकचालकाला, केवळ तो गौरवर्णीय होता म्हणून, खाली ओढून ज्या प्रकारे मारले गेले ते साऱ्या देशाने हेलिकॉप्टरमधून थेट पाहिले. त्याने कोणाचे काय बिघडवले होते? त्याच चौकात लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या माणसांनाही गाड्यांतून ओढून मारण्यात आले. मेलेल्या ६३ जणांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकच अधिक होते. जळाले ते त्यांचेच रस्ते, त्यांचीच औषधांची दुकाने, त्यांचेच रोजगार.

डेनीला वाचवले तेही त्याच वस्तीतल्या चार कृष्णवर्णीय माणसांनी. दूरचित्रवाणीवर दृश्य पाहून ते आपण होऊन धावून गेले आणि त्याचाच ट्रक चालवत त्याला रुग्णालयात घेऊन गेले. त्यांचाही इतिहास तोच होता, तक्रारीही त्याच असतील. एकाच परिस्थितीतून आलेली माणसे दोन टोकांचे वर्तन करतात, याचा अर्थ परिस्थिती सर्व काही ठरवीत नाही. ज्यांनी मारले त्यांना स्वतंत्रपणे दोषी धरल्याशिवाय, पोलिसांना दोषी धरण्याचा आपला अधिकारही अपुरा राहतो असे मला वाटते.

मृण्मयी_क

सर्वांचे मनापासून आभार. वाचस्पती यांच्या प्रतिसादामुळे आणखी एक शंका आली. डेनीला चार सामान्य नागरिक सोडवतात, कोरियाटाऊनला पोलीस पोहोचत नाहीत. मग हजारोंचे हे पोलीस दल त्या संध्याकाळी होते कोठे? आणि एवढे सगळे घडल्यावर खात्यात काही बदलले का?

केतकी_पासाडेना

वाचस्पती, डेनीवर हल्ला करणाऱ्यांवर खटले झाले आणि मुख्य आरोपी तुरुंगातही गेला. त्याविषयी मला काहीही सौम्य करून सांगायचे नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की त्या चौकातला अपराध आणि फूटहिल ठाण्यातला अपराध यांपैकी दुसरा रोखण्याची सत्ता, पगार आणि कागदपत्रे सरकारकडे होती.

मृण्मयी, निकाल दुपारी सव्वातीनच्या सुमारास लागला. तो केव्हाही लागणार हे सर्वांना ठाऊक होते, तरी खात्याने उपयोगी पडेल अशी कोणतीही तयारी केलेली नव्हती. फ्लॉरेन्स-नॉर्मंडी परिसरात जमाव वाढला तेव्हा तेथील अधिकाऱ्याने पावणेसहाच्या आसपास आपली माणसे मागे घेतली, आणि ती पुढचे काही तास परतलीच नाहीत. मागे घेण्याचा निर्णय समजू शकतो, कारण मोजकी माणसे होती. न परतण्याचा समजू शकत नाही. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स त्या संध्याकाळी ब्रेंटवूड या श्रीमंत भागात एका निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला गेले होते. हा निधी कशासाठी होता हे लक्षात घेण्यासारखे आहे : ख्रिस्तोफर आयोगाच्या शिफारशीनुसार पोलीसप्रमुखाच्या कारकिर्दीला मर्यादा घालणारा शहराच्या सनदेतील, म्हणजे कारभाराच्या मूळ कायद्यातील, बदल मतदानास यायचा होता, त्याला विरोध करण्यासाठी. महापौर टॉम ब्रॅडली स्वतः एकेकाळचे पोलीस अधिकारी आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. ते आणि गेट्स वर्षभराहून अधिक काळ एकमेकांशी बोलत नव्हते. राज्याच्या नॅशनल गार्डला बोलावले, तर दारूगोळा वेळेवर पोहोचला नाही. अखेर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी लष्कर आणि मरीन सैनिक पाठवले. सुमारे बारा हजार लोकांना अटक झाली. त्यांतील जवळपास निम्मे लॅटिनो होते, आणि कागदपत्रे नसलेल्या अनेकांना पोलिसांनी थेट स्थलांतर खात्याच्या ताब्यात दिले; कृष्णवर्णीय-गौरवर्णीय एवढीच चौकट डोळ्यांपुढे ठेवली तर हा भाग नजरेतून निसटतो.

गोदाकाठ

बदलांविषयी मी भर घालतो. गेट्स १९७८ पासून प्रमुख होते आणि शहराच्या सनदेने त्या पदाला इतके संरक्षण दिले होते की महापौर त्यांना काढू शकत नव्हते. पोलीस आयुक्त मंडळाने १९९१ मध्ये त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले, तर नगर परिषदेने तो निर्णय निष्फळ ठरवला. जून १९९२ मध्ये मतदारांनी सनद बदलली आणि प्रमुखाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतील असे ठरले. त्याच महिन्यात गेट्स निवृत्त झाले आणि फिलाडेल्फियाहून आलेले विली विल्यम्स हे या खात्याचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख झाले.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचा बदल १९९४ च्या गुन्हेगारी कायद्यातला आहे. एखाद्या पोलीस खात्यात नागरी हक्कांचे उल्लंघन ही सवयच झाली असेल, तर संघराज्याचे न्याय खाते त्या संपूर्ण खात्याविरुद्ध दावा लावू शकते अशी तरतूद त्यात आली. त्यापूर्वी एकेका पोलिसामागे लागण्यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. १९७६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ॲडॉल्फ लायन्स या कृष्णवर्णीय वाहनचालकाचा, मोटारीचा मागचा दिवा बंद होता म्हणून थांबवून, गळा आवळला होता. ही पद्धतच थांबवावी अशी मागणी त्याने केली, तर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे आपल्याच बाबतीत पुन्हा घडेल हे तो दाखवू शकत नाही, म्हणून त्याला मनाई हुकूम मागता येणार नाही. १९९४ चा कायदा ही पोकळी काही प्रमाणात भरून काढतो.

लॉस एंजेलिसवर मात्र त्याचा वापर लगेच झाला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रॅम्पार्ट विभागातील टोळीविरोधी पथकाने खोटे पुरावे पेरल्याचे आणि निःशस्त्र माणसावर गोळी झाडून त्यालाच तुरुंगात धाडल्याचे उघडकीस आले, तेव्हा कोठे न्याय खात्याने शहराला तडजोडीस भाग पाडले. २००१ पासून हे पोलीस दल न्यायालयाच्या देखरेखीखाली आले आणि ती देखरेख २०१३ मध्ये संपली. या काळात वारंवार तक्रारी येणाऱ्या पोलिसांची माहिती एकत्र ठेवून वेळीच इशारा देणारी संगणकीय व्यवस्था उभारावी लागली. ख्रिस्तोफर आयोगाने हाताने चाळून शोधलेली ती ४४ नावे आता खात्याला आपोआप दिसावीत, हा तिचा हेतू होता. किंगला झालेल्या मारहाणीपासून न्यायालयाची ती देखरेख सुरू होईपर्यंत दहा वर्षे गेली.